पाठीराखा

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराच्या आग्नेयेला लॅनार्कशायर नावाचा मुलूख आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे गावोगावी कोळशाच्या खाणी होत्या. बर्नबँक हे त्यातलंच एक गाव. तिथे १९२२ साली एका खाणकामगाराच्या घरी मुलगा झाला. त्याचं नाव जॉन ठेवलं, पण तिकडच्या रिवाजाप्रमाणे सगळे त्याला जॉक म्हणू लागले. जॉक स्टीन.

त्या गावातल्या मुलांपुढे दोन वाटा होत्या. एक जमिनीखाली जायची आणि दुसरी मैदानावर जायची. खाणीची वाट रुंद होती, मैदानाची अरुंद. जॉकने लहान वयातच शाळा सोडली. थोडे दिवस गालिच्यांच्या कारखान्यात काम केलं. मग वडिलांच्या मागोमाग तोही खाणीत उतरला.

खाणीतला अंधार घरातल्या अंधारासारखा नसतो. घरातला दिवा विझला तरी दाराच्या फटीतून थोडा उजेड येतोच. खाणीत दिवा मालवला तर डोळ्यांपुढे धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही. डोक्यावर दगडाचा डोंगर असतो आणि त्या डोंगराला आधार लाकडी टेकूंचा असतो. कोळसा फोडणाऱ्याचं तोंड कोळशाकडे असतं आणि पाठ टेकूकडे. टेकू नीट बसला आहे की नाही, हे त्याला दर घावाला वळून बघता येत नाही. मागच्या माणसाने आपलं काम चोख केलं आहे, एवढ्या विश्वासावर त्याने घण मारायचा असतो.

शेजारचा माणूस कुठल्या चर्चमध्ये जातो, हे खाली विचारायला कुणाला सवड नसे. तो टेकू कसा लावतो, एवढंच बघितलं जाई.

जॉक फुटबॉल खेळत असे. तो फार वेगवान नव्हता. पायात फार जादू नव्हती. पण उंच होता, धिप्पाड होता, आणि समोरचा काय करणार हे त्याला आधी कळत असे. म्हणून त्याला बचावफळीच्या मधोमध उभं केलं. १९४२ साली कोटब्रिजच्या अल्बियन रोव्हर्स या छोट्या क्लबाने त्याला घेतलं. महायुद्ध चालू होतं. कोळशाची गरज होती, म्हणून खाणकामगारांना लढाईवर पाठवत नव्हते. आठवडाभर तो खाणीत राबे आणि शनिवारी मैदानात उतरे.

रोव्हर्स हा हरणारा संघ होता. एकदा कसाबसा वरच्या श्रेणीत गेला आणि पुढच्याच हंगामात तळाशी राहून खाली आला. हरणाऱ्या संघातल्या बचावपटूचं काम फार कठीण असतं. सगळा लोंढा त्याच्यावर येतो. त्याने दहा हल्ले परतवले तरी लोकांच्या लक्षात अकरावाच राहतो. झालेले गोल फलकावर लागतात, टळलेल्या गोलांचा हिशेब कुणी ठेवत नाही. जॉकने अशी आठ वर्षं काढली.

१९५० साली वेल्समधल्या लानेली गावाच्या क्लबाने त्याला बोलावलं. आठवड्याला बारा पौंड देऊ म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला नुसत्या फुटबॉलवर पोट भरता येणार होतं. तो गेला. मागून बायको आणि लहान मुलगीही गेली. पण गावाकडचं त्यांचं बंद घर चोरांनी दोनदा फोडलं. बायकोचं मन परक्या मुलखात लागेना. परत जाऊ या, असं तिने सांगितलं. जॉकलाही ते पटलं. फुटबॉल पुरे झाला, पुन्हा खाणीत उतरावं, असं त्याने ठरवत आणलं होतं.

इतक्यात ग्लासगोहून निरोप आला. सेल्टिक क्लबाला एक जाणता बचावपटू हवा होता. मुख्य संघासाठी नव्हे, राखीव संघासाठी. तिथल्या कोवळ्या पोरांना चार गोष्टी सांगायला. क्लबातल्या एका जुन्या प्रशिक्षकाला जॉकची आठवण झाली होती. बाराशे पौंड मोजून १९५१ च्या डिसेंबरात त्याला आणलं. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता.

हा निरोप साधा नव्हता. ग्लासगोत दोन मोठे क्लब होते आणि त्या दोघांमध्ये धर्माची भिंत होती. रेंजर्स प्रॉटेस्टंट लोकांचा. सेल्टिक आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिकांचा. वस्तीतल्या उपाशी मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा राहावा म्हणून १८८७ साली एका धर्मबंधूने सेल्टिकची स्थापना केली होती. जॉक जन्माने प्रॉटेस्टंट होता. त्याचे वडील रेंजर्सचे चाहते होते. तो सेल्टिकमध्ये गेला तेव्हा लहानपणापासूनचे काही मित्र त्याच्याशी बोलायचे थांबले. ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

जॉकने वाद घातला नाही. तो हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून खेळू लागला.

काही दिवसांतच मुख्य संघातले बचावपटू जायबंदी झाले. राखीव म्हणून आणलेल्या माणसाला पुढे उभं करावं लागलं. तो उभा राहिला, आणि मग त्याला कुणी हलवलंच नाही. पुढे तो कर्णधार झाला. १९५३ साली राणीच्या राज्याभिषेकानिमित्त मोठी स्पर्धा भरली. त्यात सेल्टिकने आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड आणि अंतिम सामन्यात हिबर्नियन या संघांना हरवलं. १९५४ साली लीग आणि स्कॉटिश चषक दोन्ही जिंकले. असं दुहेरी यश सेल्टिकने चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी क्लबाच्या अध्यक्षांनी खेळाडूंना विश्वचषक बघायला स्वित्झर्लंडला नेलं. तिथे हंगेरीचा संघ खेळत होता. त्यांचा आघाडीवीर मागे येई, मागचे पुढे जात, कुणी एका जागी खिळून नसे. इतरांनी सामने पाहिले, जॉक त्यातून शिकला. ग्लासगोत दुपारी खेळाडू एका खानावळीत जेवत. जेवण झालं की जॉक टेबलावरची मिठाची आणि मिऱ्यांची भांडी, पेले, चमचे पुढे ओढी. हा आपला बचावपटू, हा त्यांचा आघाडीवीर. हा इकडे सरकला तर मागची जागा कोण भरणार? भांडी सरकत, चहा निवून जाई, बोलणं संपत नसे.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये रेंजर्सविरुद्ध खेळताना त्याचा घोटा दुखावला. वाटलं, महिना-दोन महिन्यांत बरा होईल. तो झाला नाही. जॉकने पुन्हा पुन्हा खेळून पाहिलं, घोटा साथ देईना. १९५७ च्या सुरुवातीला त्याने खेळणं सोडलं. त्या पायाने तो पुढे जन्मभर किंचित लंगडत चालला.

चौतीस वर्षांचा माणूस. फुटबॉल संपलेला, पाय अधू झालेला. क्लबाने त्याला राखीव संघाच्या पोरांना शिकवायचं काम दिलं. म्हणजे ज्या कामासाठी त्याला मुळात आणलं होतं, तेच काम फिरून त्याच्याकडे आलं.

तेव्हा सरावाची रीत अशी होती, की खेळाडूंनी मैदानाभोवती फेऱ्या मारायच्या. चेंडू फारसा हाती द्यायचा नाही. आठवडाभर चेंडूपासून लांब ठेवलं की शनिवारी त्याची भूक लागेल, असं जुने लोक म्हणत. जॉकने पोरांना चेंडू दिला. स्वतः त्यांच्यात उभा राहिला. तू इथे का थांबलास, याच्या मागे का नाही गेलास, असं प्रत्येकाला विचारू लागला. १९५८ साली या राखीव पोरांनी त्यांच्या गटाचा चषक जिंकला. अंतिम फेरीच्या दोन सामन्यांत मिळून रेंजर्सच्या राखीव संघावर आठ गोल चढवले.

संध्याकाळी सराव संपला की जॉक बसने घरी जाई. लॅनार्कशायरची काही पोरं त्याच बसमध्ये असत. त्यात बिली मॅकनील नावाचा एक उंच, शांत मुलगा होता. तोही मधल्या जागेचा बचावपटू. बस गावामागून गाव घेत चाले. खिडकीबाहेर खाणींच्या राडारोड्याच्या टेकड्या मागे पडत. आणि जॉक त्या मुलाला एकच विषय समजावत राही. चेंडू कुठे आहे, हे सगळेच बघतात. तुझ्या शेजारचा कुठे आहे, ते तू बघ.

पण क्लबात जॉकची वाट पुढे बंद होती. तिकडे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात. सेल्टिकचा मॅनेजर तोवर कायम कॅथलिकच झाला होता. जॉकला आपल्या पायरीची कल्पना आली. १९६० च्या मार्चमध्ये तो डनफर्मलिन गावच्या क्लबाकडे गेला. तोही कोळशाचाच मुलूख.

डनफर्मलिनचा संघ चार महिने एकही सामना जिंकला नव्हता. तो खालच्या श्रेणीत जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. सहा सामने उरले होते. जॉकचा पहिलाच सामना सेल्टिकशी होता. डनफर्मलिनने तो जिंकला. मग उरलेले पाचही जिंकले. संघ वाचला. पुढच्या वर्षी हाच संघ स्कॉटिश चषकाच्या अंतिम फेरीत गेला. समोर पुन्हा सेल्टिक. पहिला सामना बरोबरीत सुटला, फेरसामन्यात डनफर्मलिन २-० ने जिंकलं. त्या क्लबाच्या हाती तो चषक पहिल्यांदाच आला. समोर सेल्टिकच्या बचावफळीच्या मधोमध उभा राहून हरणारा खेळाडू बसमधला तोच मुलगा होता.

त्यानंतर जॉक मिलानला गेला. तिथे हेलेनियो हेरेरा नावाचे नामांकित प्रशिक्षक इंटर संघाला शिकवत होते. त्यांची पद्धत साऱ्या युरोपात गाजत होती. तिला इटालियन भाषेत कातेनाच्यो म्हणत. कातेनाच्यो म्हणजे दाराची कडी. एक गोल करायचा आणि आतून कडी लावून घ्यायची. जॉकने ती कडी जवळून पाहिली. तो स्वतः आयुष्यभर दार राखत आलेला माणूस. कडी कुठे घट्ट बसते आणि कुठे सैल पडते, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

१९६४ मध्ये तो एडिनबरोच्या हिबर्नियन क्लबाचा मॅनेजर झाला. तिथे रॉनी सिम्पसन नावाचा गोलरक्षक होता. वयाने चौतिशीच्या घरातला. याचे दिवस सरले, असं जॉकला वाटलं. त्याने त्याला सेल्टिकला देऊन टाकलं. काही महिन्यांतच सेल्टिकने जॉकलाच बोलावलं. १९६५ च्या मार्चमध्ये तो सेल्टिकचा पहिला प्रॉटेस्टंट मॅनेजर झाला. येताना त्याने एक अट घातली. संघ मी निवडणार, त्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. तोवर अध्यक्षच संघ ठरवत असत. ही अट त्यांनी मान्य केली.

सिम्पसनने बातमी ऐकली आणि त्याचा धीर सुटला. ज्याने आपल्याला काढून टाकलं तोच आता इथे आला, आपलं संपलं, असं त्याला वाटलं. पण जॉक त्याला रोज सरावात बघत होता. आपण चुकलो, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ते बोलून दाखवलं की नाही कोण जाणे, पण सिम्पसनला गोलमध्ये उभं केलं. दोन वर्षांनी तो सदतिशीकडे झुकलेला गोलरक्षक युरोपातला सगळ्यात मोठा सामना खेळणार होता.

जॉक आल्यावर महिना-दीड महिन्यात स्कॉटिश चषकाची अंतिम फेरी आली. यावेळी समोर त्याचंच जुनं डनफर्मलिन होतं. २-२ अशी बरोबरी झाली. शेवटची दहा मिनिटं उरली. सेल्टिकला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला आणि गर्दीतून एक बचावपटू सगळ्यांच्या वर उठला. त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. तो बिली मॅकनील होता. आता तो सेल्टिकचा कर्णधार होता.

मग जॉकने संघ घडवायला घेतला. बाहेरून फारसे खेळाडू आणले नाहीत. जे होते त्यांच्याकडेच नव्याने पाहिलं. आघाडीला खेळणाऱ्या एकाला त्याने मधल्या फळीत आणलं, तिथे तो फुलला. कडेने धावणाऱ्या एकाला आत घेतलं. टॉमी गेमेल नावाचा डाव्या बाजूचा बचावपटू होता. पूर्वी त्याला मधली रेषा ओलांडायला मनाई असे. बचावपटूने बचाव करावा, अशी रीत. जॉकने त्याला सांगितलं, जा पुढे. तू गेलास तर तुझी जागा दुसरा राखेल. गेमेल पुढे जाऊ लागला.

बघणाऱ्यांना नवल वाटे. जन्मभर बचाव केलेल्या माणसाने देशातला सगळ्यात आक्रमक संघ उभा केला होता. पण त्यात नवल काहीच नव्हतं. मागे टेकू पक्का आहे, हे ज्याला ठाऊक असतं, तोच पुढे जोराने घण मारतो.

१९६६ साली सेल्टिकने बारा वर्षांनी लीग जिंकली. पुढच्या हंगामात देशातल्या ज्या ज्या स्पर्धेत भाग घेतला ती ती जिंकली. शेवटी एकच सामना राहिला. २५ मे १९६७. पोर्तुगालमधलं लिस्बन शहर. युरोपियन चषकाची अंतिम फेरी. समोर हेरेरांचा इंटर मिलान, तीच कडी.

इंटरच्या खेळाडूंची नावं साऱ्या जगाला माहीत होती. सेल्टिकचे अकराही जण त्यांच्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. खाणीतल्या, गिरणीतल्या, गोदीतल्या माणसांची पोरं. उत्तरेकडच्या देशांतला एकही क्लब तोवर हा चषक जिंकला नव्हता. जॉकने त्यांना सांगितलं, की इथवर आलात तिथेच इतिहास झाला, आता मनमोकळं खेळा. मैदानात जायच्या बोगद्यात दोन्ही संघ शेजारी शेजारी उभे होते. इटालियन खेळाडू गंभीर होते. सेल्टिकच्या पोरांनी क्लबाचं गाणं म्हणायला सुरुवात केली.

सामना सुरू झाला आणि सातव्याच मिनिटाला घात झाला. जिम क्रेग हा सेल्टिकचा उजव्या बाजूचा बचावपटू. शिकलेला, दातांचा डॉक्टर. त्याने गोलसमोर इंटरच्या एका खेळाडूला अडवलं आणि पंचांनी पेनल्टी दिली. इंटरने गोल केला. मग त्यांनी कडी लावली. सगळा संघ मागे जाऊन बसला.

बचावपटूची एक चूक, आणि जगासमोर झालेली. अशा वेळी माणूस खचतो, आपल्या जागेला चिकटून बसतो, पुन्हा चूक होईल म्हणून पाऊल उचलत नाही. पण सेल्टिकचा एकही खेळाडू क्रेगवर ओरडत राहिला नाही. ते पुढे सरकत राहिले. चेंडू दोनदा गोलच्या आडव्या दांड्यावर आदळला. इंटरच्या गोलरक्षकाने अशक्य वाटणारे फटके अडवले. दार हलत होतं, उघडत नव्हतं.

उत्तरार्धात त्रेसष्टावं मिनिट होतं. क्रेग उजवीकडून इंटरच्या गोलजवळ आला. बचावपटू आणि इतका पुढे. त्याला पुढची गर्दी दिसली. त्याने चेंडू गर्दीत मारला नाही. थांबला, आणि हलकेच मागे, मोकळ्या जागेत सरकवला. डाव्या बाजूने दुसरा बचावपटू धावत आला होता. टॉमी गेमेल. त्याने धावतच लांबून सणसणीत फटका मारला. चेंडू जाळ्यात गेला. कडी तुटली.

ज्याच्या हातून चूक झाली त्याने चेंडू दिला, आणि ज्याला पुढे जायची मनाई होती त्याने गोल केला. दोघेही बचावपटू होते.

सामना संपायला पाच-सहा मिनिटं असताना दुसरा गोल झाला. एकाने लांबून फटका मारायचा आणि गोलसमोरच्याने जाता जाता त्याची दिशा बदलायची. ही चाल त्यांनी सरावात रोज घोटली होती. ती त्या दिवशी तशीच घडली. सेल्टिक २-१ ने जिंकलं.

लोक मैदानात घुसले. त्या गर्दीत संघ पांगला. बक्षीस घ्यायला सगळ्यांना जाता येईना. म्हणून संघाच्या वतीने कर्णधार वाट काढत गेला, आणि उंच जागी उभं राहून त्याने तो मोठा चषक दोन्ही हातांनी वर धरला. तो फोटो सेल्टिकच्या माणसांच्या घराघरांत लागला. फोटोत जॉक नाही. बसमधला तो मुलगा आहे.

लिव्हरपूलचे मॅनेजर बिल शँक्ली तो सामना पाहायला आले होते. तेही लहानपणी खाणीत राबलेले. त्यांनी जॉकला गाठलं आणि म्हटलं, "जॉन, तू आता अमर झालास."

जॉक अमरपणाच्या नादी लागला नाही. तो सरावाला परतला. सेल्टिकने १९६६ पासून १९७४ पर्यंत सलग नऊ वेळा लीग जिंकली. पराभवही आले. १९७० साली मिलानमध्ये युरोपियन चषकाचा अंतिम सामना पुन्हा वाट्याला आला, तो जादा वेळेत हातून गेला.

१९७१ सालचा दुसरा दिवस. रेंजर्सच्या मैदानावर सेल्टिकशी सामना होता. सामना संपता संपता बाहेर पडायच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. सहासष्ट माणसं मेली. ती रेंजर्सची माणसं होती. जॉक धावला आणि जखमींना मदत करू लागला. स्ट्रेचरवरचा माणूस कुठल्या चर्चचा, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. खाणीतही कुणी विचारत नसे.

१९७५ साली मोटारीच्या भीषण अपघातातून तो थोडक्यात वाचला. १९७८ मध्ये देशाने त्याला स्कॉटलंडच्या संघाचा मॅनेजर केलं. १९८४ च्या मार्चमध्ये ब्रिटनच्या खाणकामगारांचा मोठा संप सुरू झाला. वर्षभर तो चालला. रस्त्यांवर कामगार बादल्या घेऊन मदत मागत उभे असत. जॉकचा सहायक ॲलेक्स फर्ग्युसन पुढे सांगत असे, की बादली दिसली की जॉक त्यात पैसे टाकल्याशिवाय पुढे जात नसे. खाण सोडून त्याला पस्तीस वर्षं होत आली होती. पण खाली अजून माणसं आहेत, हे तो विसरला नव्हता.

१० सप्टेंबर १९८५. वेल्समधलं कार्डिफ शहर. विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना. वेल्सने आधी गोल केला. शेवटची नऊ-दहा मिनिटं असताना स्कॉटलंडला पेनल्टी मिळाली, गोल झाला, बरोबरी झाली. तेवढी बरोबरी पुढे जायला पुरेशी होती. सामना संपत आला आणि मैदानाच्या कडेला जॉक कोसळला. त्याला आत नेलं. डॉक्टरांनी प्रयत्न केले. थोड्या वेळाने तो गेला. बासष्ट वर्षांचा होता. आत काय घडतं आहे हे न कळता बाहेर खेळाडू उभे होते.

त्याच्या अंत्ययात्रेला ग्लासगोच्या रस्त्यांवर माणसं दाटीने उभी राहिली. हिरव्या रंगाची होती, रेंजर्सच्या निळ्या रंगाचीही होती.

ही गोष्ट इथे संपते. जाता जाता एवढंच सांगायचं आहे.

आपल्याकडे घर बांधताना स्लॅब ओतण्याआधी त्याखाली लाकडी टेकू लावतात. स्लॅब पक्का झाला की ते काढून नेतात. घराची शांत होते, लोक जेवून जातात, टेकूचं नाव कुणी काढत नाही. पण स्लॅब उभा राहिला तो त्याच्यामुळे. शाळेतले गुरुजी, तालमीतले वस्ताद, घरातली मोठी बहीण, अशी कितीतरी माणसं आपल्या मागे टेकूसारखी उभी राहून निघून गेलेली असतात. त्यांना आपल्या भाषेत पाठीराखा म्हणतात. जॉकने खेळाडू म्हणून गोल राखला, प्रशिक्षक म्हणून माणसं राखली. ही दोन वेगळी कामं नव्हती. घोट्याने मैदान काढून घेतलं तेव्हा त्याचं काम संपलं नाही, त्याची जागा फक्त आणखी मागे गेली.

आणि जितका तो मागे गेला, तितके त्याच्यापुढचे लोक निर्धास्तपणे पुढे गेले. ज्याची चूक झाली तोही गेला, ज्याला रेषा ओलांडायची मनाई होती तोही गेला. माणसाला पुढे पाहायला सांगणारे पुष्कळ भेटतात. पुढे बघ, मागे मी आहे, असं म्हणून खरोखर मागे उभा राहणारा एखादाच असतो. तसा कुणी भेटला असेल तर त्याची आठवण ठेवावी. आणि आपल्यापुढे कोणी पाठ करून काम करत असेल, तर त्याचा टेकू आपण नीट लावावा.